आमटी पलीकडची, भात अलीकडचा

शुक्रवारी दुपारी उशिरा फोन आला तेव्हा मी मस्कतमधल्या दार्सैतच्या घरात कांदा चिरत होते. त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कांद्याचं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते माझं मलाही कळलं नाही. फोन इब्रीहून होता, अण्णाच्या अर्बाबचा. अर्बाब म्हणजे मालक. सईद नावाचा हा ओमानी गृहस्थ अण्णाच्या रंगाच्या दुकानाचा मालक, वयाने अण्णाएवढाच, आणि एरवी आपल्या आखाती हिंदीत न थांबता बोलणारा. त्या दिवशी मात्र एकेक शब्द शोधून आणत होता. "सिस्टर... अन्ना चार बजे दुकान खोलने नहीं आया. हम रूम पे गया. अन्ना कुर्सी में बैठा है... लेकिन अन्ना नहीं है, सिस्टर." आणि मग मी न विचारताच तो म्हणाला, "भात बन गया था. गॅस अन्ना ने बंद किया. टॉवेल भी लपेटा हुआ है."

अण्णा हा माझा थोरला भाऊ. झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नंतर भेटायला येणारे विचारत होते, शेवटी काही बोलले का, कुणाचं नाव घेतलं का. मी काय सांगणार? माझ्या डोक्यात तो टॉवेलात गुंडाळलेला भातच बसला होता. लोकांना वाटलं, धक्क्याने हिला काहीतरी झालंय. पण अर्बाबने ती गोष्ट उगाच सांगितली नव्हती. त्या भाताचा अर्थ ठाऊक असलेली जगात पाचच माणसं होती, त्यातलं एक त्या खुर्चीत होतं. आता काही आठवडे गेलेत, आमच्या घरातलं गोष्टी सांगण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे, म्हणून लिहायला बसले आहे.

माझं कागदोपत्री नाव वासंती. पण अण्णा आणि त्याच्या पाठचा मधू, हे माझे दोन्ही भाऊ मला बेबी म्हणतात. केसांना मेंदी लावायला लागूनही बराच काळ लोटला, मुलगी ईशा नोकरीला लागली, तरी मी बेबीच. गुहागरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. वडील लवकर गेले. आई दुसऱ्यांच्या पोफळीच्या बागेत कामाला जायची आणि जाताना स्वयंपाकाची वाटणी करून द्यायची. अण्णाने भात लावायचा, मधूने आमटी करायची. कुणी कुणाच्या चुलीत नाक खुपसायचं नाही. "आणि बेबी?" असं कुणीतरी विचारलं तर आई म्हणायची, "बेबी जेवेल." ही जबाबदारी मी आजन्म चोख पार पाडलेली आहे, माझ्याकडे बघून कुणाच्याही ते लक्षात येईल. आईची युक्ती मला फार उशिरा कळली. दोघं भाऊ दिवसभर कचाकचा भांडायचे. पण कितीही भांडले तरी दुपारी एकाच्या हातात कोरडा भात आणि दुसऱ्याच्या हातात नुसती आमटी. तोंड पाडून का होईना, एका पाटावर यावंच लागायचं.

पुढे अण्णा ओमानला आला, इब्रीत रंगाच्या दुकानात लागला आणि तिथलाच झाला. मस्कतपासून आत, वाळवंटाच्या कडेला असलेलं हे गाव. तिथल्या घरांची लोखंडी फाटकं तुम्ही बघायला हवीत. हिरवी, निळी, सोनेरी वेलबुट्टीची, एकाला झाकावं आणि एकाला काढावं अशी. त्यातली अर्धीअधिक अण्णाच्या दुकानातल्या रंगाची. गल्लीतून गाडी नेताना तो म्हणायचा, "हे फाटक बघ, म्हातारीला मोरपंखी हवा होता, मुलाला तपकिरी. शेवटी आतून तपकिरी दिला, बाहेरून मोरपंखी." लग्न केलं नाही. का नाही केलंस, म्हणून विचारलं की म्हणायचा, "रजा मिळाली नाही." मी लग्न होऊन मस्कतला आले तेव्हा तो घ्यायला आला होता, आणि विमानतळावर माझ्या नव्या नवऱ्याला पहिलं वाक्य बोलला ते हे: "हिला स्वयंपाक येत नाही. आमची चूक आहे."

मधू लागला अल ऐनला, एसी दुरुस्तीच्या कंपनीत. अल ऐन हे अमिरातीत, म्हणजे दुसऱ्या देशात. पण त्या काळी अल ऐन आणि ओमानच्या हद्दीतलं बुरैमी ही दोन गावं एकमेकांत अशी मिसळलेली होती की कुठला रस्ता कुठल्या देशात ते तिथल्या बकऱ्यांनाही सांगता आलं नसतं. मधू शुक्रवारी चपला घालून फिरत फिरत पलीकडून अलीकडे यायचा. अण्णा इब्रीहून गाडी हाणत बुरैमीला पोचायचा. वाटेत चौकी लागे, तिथे बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, दाखवलं की झालं. एका मल्याळी चहावाल्याच्या टपरीमागे गाफचं, म्हणजे आपल्याकडच्या शमीचं, झाड होतं, त्याच्या सावलीत चटई. अण्णा टॉवेलात गुंडाळलेला भाताचा टोप आणायचा. मधू आमटीचा डबा आणायचा. तुरीच्या डाळीची, आमसूल-गुळाची, आईच्या हातची वाटावी अशी.

मी एकदा त्यांच्या त्या पंगतीला गेले होते. टोपाचं झाकण उघडलं, डबा उघडला, आणि दोघं मोठे, टक्कल पडायला आलेले पुरुष एकमेकांना टाकून बोलायला लागले.

"भात फडफडीत झालाय रे अण्णा. वारा आला तर उडेल."

"तुझ्या आमटीत बुडव, म्हणजे बसेल खाली. पाणी घालताना नळ बंद करायला विसरलास वाटतं."

"बेबीला विचार."

बेबी जेवत होती. बेबी दोन्ही पक्षांना सामील होती.

चहा प्यायल्यावर पैसे कुणी द्यायचे यावरून एक झटापट व्हायची. अण्णा रियाल काढायचा, मधू दिरहम. आता आखातात राहिलेल्या घराण्यांत एक गंमत असते, ती तिथे न राहिलेल्यांना सांगायला हवी. रियाल हे जबरदस्त वजनदार चलन. एका रियालात साडेनऊ दिरहम बसतात. त्यामुळे गावच्या लग्नात मांडवात शिरताना रियालवाले भाऊजी आधी, दिरहमवाले काका मागून, असा न बोलता एक मानपान ठरलेला असतो. पगार किती, ते कुणी विचारत नाही. चलन कुठलं, ते विचारतात. मधू हसून म्हणायचा, "वयाने मोठा तो आहेसच, वरून तुझं चलनपण थोरलं. मी करू काय?" तो हसायचा, पण अण्णाला ते लागायचं. चहावाला मात्र दोन्ही चलनं घ्यायचा. त्याच्या गल्ल्यात रियाल, त्याचे सुटे बैसे, दिरहम सगळं एकत्र पडलेलं असे. अण्णा तिकडे बोट दाखवायचा. "बघ, ह्याच्या गल्ल्यात भांडण नाही."

मग कुंपण आलं. दोन गावांच्या मधून तार, फाटक, शिक्का, रांग. कुणी कुणाशी भांडलं नव्हतं. देशांना आपापली दारं लावून घ्यावीशी वाटतात, त्यात नवल नाही. इथल्या लोकांना येजा करायला वाटा होत्या. पण मधूच्या कार्डावर जो हुद्दा लिहिलेला होता त्याला सहज व्हिसा मिळत नसे. अण्णाचीही तीच गत. अर्ज करा, कंपनीची सही आणा, रजा टाका... एका जेवणासाठी? दोघं गावी जायचे तेही वेगवेगळ्या महिन्यांत, कारण मधूची रजा उन्हाळ्यात आणि फाटकं रंगवायचा हंगाम संपायच्या आधी अण्णाला सुट्टी नाही.

कुंपणानंतर एका शुक्रवारी मी ह्यांच्याबरोबर, म्हणजे श्रीकांतबरोबर, अचानक इब्रीला गेले. टेबलावर टोप. टॉवेल काढला तर भात. शेजारी दही आणि लिंबाचं लोणचं. बस्स. मी कमरेला पदर खोचला आणि सुरू झाले, एकटा राहतोस म्हणून असं का जेवायचं, डाळ नाही का घरात, तब्येतीकडे बघ, मी काय मेले आहे का. फडताळ उघडलं तर डाळीची बरणी काठोकाठ भरलेली. मी विजयी मुद्रेने ती टेबलावर आपटली. अण्णाने शांतपणे ती उचलून परत जागेवर ठेवली.

"बाकीचे दिवस करतो की. शुक्रवारची आमटी मधूची असते."

"अरे, पण मधू कुठे आहे?"

"पलीकडे आहे. त्याने केली असेल."

मी मधूला तिथूनच फोन लावला. काय जेवलास, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "आमटी केलीय. खुबूसबरोबर खातोय." खुबूस म्हणजे इथली बाजारात मिळणारी रोटी. भात का नाही लावलास, हे मी विचारलं नाही. श्रीकांतने माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने भातावर दही घेतलं. मी बरोबर नेलेली चिकनची करी अण्णाने कौतुकाने वास घेऊन फ्रीजमध्ये ठेवली. "उद्या खाईन," म्हणाला.

या पार्श्वभूमीवर ती बातमी आली. म्हणजे बातमी नवी नव्हती. सगळ्या आखाती देशांचं एकच चलन करायचं, ही गोष्ट आधीपासून चालू होती आणि ओमानने त्यातून अंगही काढून घेतलं होतं. पण दोन हजार अकराच्या अखेरीस विषय पुन्हा वर आला, तोही मोठा होऊन. नुसतं सहकार्य पुरे, आता सहाही आखाती देशांनी मिळून एक संघ व्हावं, असं कुणीतरी मांडलं. अण्णाने पेपर वाचला आणि त्याच्या अंगात संचारलं. एरवी राजकारणाचं पान तो फरशीवर रंग सांडू नये म्हणून अंथरायचा. आता तेच पान कात्रीने कापून ठेवायला लागला. फोनवर मला शिकवणी. "बेबी, एकदा चलन एक झालं की माल मोकळा, माल मोकळा झाला की माणसं मोकळी. युरोपात बघ. सकाळी एका देशात नाश्ता, दुपारी दुसऱ्यात जेवण."

"आणि आमटी?"

"तेच तर सांगतोय."

आमच्या दार्सैतमध्ये मात्र या विषयावर वेगळंच वारं होतं. कृष्णमंदिरात आरतीनंतर चपला शोधता शोधता वाद व्हायचे. सगळ्यांना एकच धास्ती: रियाल जाईल. जणू प्रत्येकाच्या घरात रियाल छापायचं यंत्र होतं. आमचे श्रीकांत तर असे खवळले की विचारू नका. "ओमानी रियालाला हात लावायचा नाही!" हे त्यांनी प्रसाद हातात घेऊन जाहीर केलं. रत्नागिरीचे हसनभाई, आमच्या इमारतीखाली कापडाचं दुकान होतं त्यांचं, ते म्हणाले, "ताई, गावात मला 'रियालवाला हसन' म्हणतात. उद्या सगळ्यांचं एकच नाणं झालं, तर सौदीवाला नि मी एका रांगेत? मग इतकी वर्षं उन्हात काय केलं मी?" त्यात विनोद होता आणि नव्हताही. आपलं कौतुक कुणीतरी करावं म्हणून माणूस घर सोडतो, आणि मग ते कौतुक नोटेला चिकटून बसतं.

अण्णा एका सुट्टीत आमच्याकडे आला तेव्हा त्याला या सगळ्यांनी घेरलं. हा एकटा संघाच्या बाजूने. हसनभाई म्हणाले, "अण्णा, तुम्ही रियालात कमावता आणि वकिली दिरहमाची करता?" अण्णा म्हणाला, "माझा धाकटा भाऊ मांडवात मागून चालतो हसनभाई. मला ते बघवत नाही." मग ईशाने, जी तेव्हा कॉलेजात होती आणि जिचं मराठी अडखळत चालतं, अगदी निरागसपणे विचारलं, "पण मामा, ते युनियन झालं तरी... म्हणजे... ते फक्त सिटिझन्ससाठी असणार ना? आपण तर सिटिझन्स नाही."

इतके दिवस आम्ही सगळे, संघवाले आणि रियालवाले, आवाज चढवून, हात उडवून भांडत होतो. आणि आमच्यातल्या एकालाही मत विचारणार कोण, हा प्रश्न पडला नव्हता. परक्याच्या लग्नात मानपानावरून रुसून बसावं, तसं. श्रीकांतने घसा साफ केला. हसनभाई चहाच्या कपात बघत राहिले. अण्णाने ईशाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खरंय गं. पण दार मोठं उघडलं की शेजारचं मांजरपण आत येतं. मी मांजराएवढंच मागतोय."

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती मला मधूकडून कळली. मधूला परत जायचं होतं. त्याचे गुडघे गेले होते. शिडीवर चढून एसी उघडायचं काम, आणि अल ऐनचं ऊन. गावी बायको, दोन मुलं बापाला फोनवरच ओळखणारी. तो दरवर्षी राजीनामा लिहायचा, आणि अण्णा दरवर्षी म्हणायचा, "थांब रे जरा. होईल. इन्शाल्ला होईल. मग मी अल ऐनला येतो नाहीतर तू इब्रीला ये. एक दुकान इकडे, एक तिकडे." आईमागे अण्णानेच त्याला वाढवलेलं, त्यामुळे मधूला त्याचा शब्द मोडवेना. मला म्हणाला, "बेबी, तू सांग त्याला. देश एकत्र यायला वेळ लागतो. माझे गुडघे एवढं थांबणार नाहीत." मी सांगते म्हणाले. पण इब्रीचा नंबर फिरवला की पलीकडून इतक्या उत्साहाने युरोप सुरू व्हायचा, की माझे शब्द तोंडातच राहायचे.

त्या दिवसांतलीच ती आमटीच्या डब्याची भानगड. माल तर तेव्हाही सीमा ओलांडून येतच होता. अण्णाच्या दुकानाचे रंगाचे डबे पलीकडूनच ट्रकने यायचे. मधूच्या डोक्यात कल्पना आली. त्याने रंगाचा एक कोरा, न वापरलेला डबा मिळवला, घासून घासून धुतला, त्यात आमटी भरली, झाकण ठोकून बसवलं आणि ओळखीच्या पठाण ड्रायव्हरकडे दिला. कस्टमच्या अधिकाऱ्याने नेमका तोच डबा उघडायला लावला. आत बघून त्याने विचारलं, "हा कुठला रंग?" पठाणाने खरं ते सांगितलं: सालन, म्हणजे कालवण आहे, एका भावाने दुसऱ्या भावाला पाठवलंय. अधिकाऱ्याने वास घेतला, हसला, आणि म्हणाला, "यल्ला, जा. पण भिंतीला लावू नका म्हणावं." सगळं जुळून आलं होतं, फक्त ट्रक वाटेत बंद पडला. आमटी इब्रीला पोचली तेव्हा ती उकळी आल्यासारखी बुडबुडत होती. अण्णाने मला फोन करून सांगितलं, "आंबली गं. पण काय रंग आहे सांगू! हा शेड आपल्या कॅटलॉगमध्ये नाही." मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग ओमानने सांगून टाकलं: आम्ही या संघात नाही. तुम्ही करा, आमची आडकाठी नाही, पण आम्ही बाहेर. दार्सैतमध्ये पेढे वाटायचं बाकी होतं. श्रीकांतने तर जिंकलेल्या सेनापतीसारखं तोंड केलं. मी इब्रीला फोन लावला. अण्णाने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी अर्बाबकडून कळलं, की त्या दिवशी अण्णाने एका गिऱ्हाइकाला पिवळ्याऐवजी करडा रंग घोटून दिला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अर्बाबने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, कहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, मागवला, खजूर पुढे ठेवले, आणि त्याला समोर बसवलं. पुढचं मला अण्णानेच नंतर सांगितलं, सईदची नक्कल करत.

"अन्ना, तुम क्यों नाराज? तुम्हारा क्या गया?"

"भाई गया, अर्बाब."

आणि मग अण्णाने त्याला सगळं सांगितलं. भात, आमटी, गाफचं झाड, चहावाल्याचा गल्ला. इतकी वर्षं दोघं एका दुकानात, पण ही गोष्ट कधी निघाली नव्हती. सईदने ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, "देखो अन्ना. मेरा भाई का घर, मेरा घर, बीच में एक दीवार. भाई बोला, दीवार तोडो, एक घर करो. हम बोला, ना. दीवार रहेगा, तो हम रोज दरवाजा खटखटाएगा. दीवार नहीं, तो कौन किसको पूछेगा? हमारा देश भी ऐसा है. दोस्ती पूरा, चूल्हा अलग." अण्णा म्हणाला, "मेरा चूल्हा तो आधा है अर्बाब. उसका क्या?" सईद खजुराची बी बोटात फिरवत म्हणाला, "तो फिर दूसरा आधा को क्यों रोकता है? उसका बच्चा लोग है."

त्या संध्याकाळी अण्णाने मधूला फोन केला. काय बोलला ते मधूनेच सांगितलं. युरोप नाही, चलन नाही. एवढंच म्हणाला, "मध्या, जा तू. तुझी मुलं वाट बघतायत. मी उगाच धरून ठेवलं तुला." मधू म्हणाला, "आणि तू?" अण्णा म्हणाला, "माझं काय, मला अजून रजा मिळायचीय." मधू गेला. आता दोघांच्या मधे कुंपणाच्या जागी समुद्र होता, आणि गंमत म्हणजे कुंपणापेक्षा समुद्र सोपा पडला. फोनवर चेहरा दिसायला लागला. शुक्रवारी तिकडे मधू डबा कॅमेऱ्यापुढे धरायचा, इकडे अण्णा टोप धरायचा. "फडफडीत आहे रे." "तुझी पातळ आहे."

माझी आणि अण्णाची शेवटची भेट याच वर्षीची. मी इब्रीला गेले होते. शुक्रवार होता, भात होता, आणि आता मी शहाणी झाले होते. लिंबाचं लोणचं घेऊन मुकाट्याने बसले. अण्णा त्या दिवशी वेगळाच खुशीत होता. पितळी रंगाचा एक डबा दाखवला, गावच्या घराच्या फाटकासाठी बाजूला ठेवलेला. "उन्हाळा संपला की जातो. कायमचा. अर्बाबला सांगितलंय. पहिल्यांदा रडला, मग म्हणाला, मी फाटक बघायला येईन." मी म्हटलं, "म्हणजे शेवटी संघ होतोय?" तो भात कालवत होता, हात थांबवून हसला. "देश नाही झाले बेबी, म्हणून काय झालं. मीच जाऊन मधूत विलीन होतो." निघताना त्याने मला गाडीपर्यंत सोडलं, काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, "तू पण शिक गं काहीतरी करायला. नुसती जेवत्येस."

उन्हाळा संपायला अजून अवकाश होता...

इब्रीत हिंदूंचं स्मशान नाही, म्हणून सोहारच्या स्मशानात आम्ही त्याला निरोप दिला. सईद दिशदाशा, तो इथला लांब पांढरा झगा, घालून एका बाजूला उन्हात उभा होता. त्याच्या धर्मात दहन नाही, इथे आपण कुठे उभं राहायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो सगळा वेळ उभाच राहिला. मधूला एवढ्या घाईत येता आलं नाही. श्रीकांतने फोन वर धरला, आणि गुहागरच्या वरच्या एका घरातून त्याने सगळं पाहिलं. नंतर अस्थी आणि पितळी रंगाचा डबा घेऊन श्रीकांतच गावी गेले. रियालाचे एवढे कैवारी, पण परत आल्यावर कधी नाही ते मवाळ होऊन म्हणाले, "मधूने फाटक रंगवायला घेतलंय. गुडघे दुखतात म्हणून बसून बसून रंगवतो." अण्णाच्या खोलीतून मी एकच वस्तू आणली, तो टॉवेल. कडेला रंगाचे डाग आहेत, हिरवा, निळा, मोरपंखी. धुवून जात नाहीत, आणि मी फार घासतही नाही.

गेल्या शुक्रवारी सकाळी मधूचा फोन आला. नेहमीसारखं इकडचं तिकडचं झालं. पाठीमागे वहिनीचा आवाज येत होता, "अहो, पण भात लावते ना मी, कुणी नको म्हटलंय का?" आणि मधू तिला "थांब गं" म्हणत होता.

"बेबी."

"हं."

"आमटी केलीय मी." पळी डब्यावर वाजली. "भात कोण लावणार?"

आयुष्यात पहिल्यांदा मला जेवण्याशिवाय दुसरं काम मिळालं होतं. मी म्हटलं, "मी लावते." तांदूळ धुतले, पाणी घातलं, कमी वाटलं म्हणून आणखी घातलं. झाल्यावर टोप उतरवून अण्णाच्या टॉवेलात गुंडाळला. श्रीकांत स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघून गेले आणि फ्रीजमधून दही काढून टेबलावर ठेवलं. मग मी फोन लावला, टॉवेल सोडला आणि झाकण उघडलं. आतला भात चांगला गोळा झाला होता. मी टोप कॅमेऱ्यापासून जरा लांब धरला.

"कसा झालाय गं?" मधूने विचारलं.

"मोकळा झालाय. अगदी फडफडीत."

पलीकडे त्याने फोन डोळ्यांजवळ नेला.

"खोटं बोलतेस," म्हणाला. "पण चालेल. वाढ."